सहा इंची काच

धाकटा झोपला की सव्वाअकराला मी ड्राय बाल्कनीत जातो.
पाण्यानं भरलेला निळा पिंप, पिंपावर फळी,
फळीवर तीन खुंट्यांत अडकवलेली एक काच
आणि तिच्यावर घासायची दुसरी.
चिवड्याच्या रिकाम्या बरण्यांत पूड : ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस.
त्याहून बारीक वरच्या फडताळात, तापाच्या औषधाशेजारी,
दोन्ही पोरांच्या हाताला लागू नये म्हणून.

चिमूटभर पूड, चार थेंब पाणी,
सहा घासे, मग पिंपाभोवती एक पाऊल.
पाथर्डी फाट्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
प्रदक्षिणा आधी सुरू झाली,
देव अजून घडायचाय.

वृषाली म्हणते, लोक दुर्बीण विकत घेतात.
घेतात. मीही आठ महिने एक निवडून ठेवली होती,
मग शाळेची फी आली.
खरं सांगू, फी नसती आली तरी घेतली नसती.
दिवसभर सातपूरला मी मायक्रॉनमध्ये बोलतो,
कुणाच्या तरी गाडीतल्या बुशसाठी.
एखादा मायक्रॉन आपलाही असावा.

ऐंशीचा आवाज डांबरी रस्त्यावरून पत्रा ओढल्यासारखा.
पहिल्याच रात्री अद्वय किंचाळत उठला.
पुढे पूड बारीक होत गेली, आवाज मऊ होत गेला,
डिसेंबरात पारा सहावर, दोन स्वेटर,
बोटांना पाणी टोचायचं,
आणि आत तो हात-पाय पसरून गाढ.
एकदा कणकण होती म्हणून घासलं नाही,
तर बारा वाजता उठून बसला :
बाबा, घल्ल कल ना.

पाचशे नंबरला आलो तो रविवार.
शाल्मली बागेतून धावत आली, बूट न काढता,
मूठ मिटलेली.
मला आधी आवाज कळला, टिक,
सोसायटीच्या घसरगुंडीखालच्या वाळूचा एक कण,
मग तिचा चेहरा.
मी ओरडलो. खूप.
तिनं मूठ उघडलीच नव्हती अजून.
मग उघडली, आणि पडलेला दात
फ्रॉकच्या खिशात परत ठेवून दिला.

गायधनींकडे काच घेऊन गेलो,
ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त,
घरात अकरा दुर्बिणी आणि एक मांजर.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रेघ पाहिली.
"शनीला नाही कळत असलं.
मागच्या नंबरला गेलास तर महिना जाईल."
मांजराला खाली उतरवलं.
"पोरगी किती वर्षांची?"
सहा.
"मग नको जाऊस."

आज पॅसेजमध्ये तपासणी.
बाथरूमच्या दाराशी, पाटावर, काच उभी,
आठ फुटांवर मी पालथा,
शेजारी मिणमिणता दिवा आणि दाढीचं पातं.
पात्यानं उजेड अर्धा कापला की
सपाट काच उशीसारखी फुगते, राखाडी, गप्प.
रेघ आहे. केसाएवढी. चमकते.

शाल्मली पाणी प्यायला उठली.
"मी हात लावणार नाही," म्हणाली,
आणि हात काचेच्या पुढ्यात धरला.

तिच्या बोटांतून वर चढू लागलं काहीतरी,
पाच धारा, एकमेकींत मिसळत,
उदबत्तीच्या धुरासारख्या, पण धूर नव्हे,
तिच्या अंगाची ऊब,
हवेत वळणं घेत छताकडे निघालेली.
डोळा पात्यापासून हलवला की तिथं नुसता हात.
पुन्हा लावला की ती ऊब.

"काय दिफतंय, बाबा?"
दाताच्या फटीतून स निसटला.

ढवळलेली हवा बसायला आता अर्धा तास.
सकाळी सव्वासातला रिक्षाकाका, डबा, अद्वयचा पाळणाघराचा बॅगपॅक.

"काढू हात?"
राहू दे, म्हणालो.
दुसराही धर.